पहिले शंभर फूट: खान्देशात राहून फिल्मवर शूटिंग शिकायचं तर

आधी एक माप डोक्यात बसवा, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. १६ एमएम फिल्मच्या एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे ४० सुटी चित्रं, असतात आणि सेकंदाला २४ फ्रेम जातात, म्हणजे एक सेकंद झाला साधारण सात इंचाचा, आपल्या वितीपेक्षा थोडा कमी. ३५ एमएमला फुटात १६ च फ्रेम, म्हणजे सेकंद झाला १८ इंच, बरोबर एक हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. मला हे अमळनेरकडच्या एका जुन्या टॉकीजच्या ऑपरेटर काकांनी शिकवलं. ते रीळ कोपरापासून ताणून धरायचे आणि म्हणायचे, "हाऊ देख भाऊ, इतला येळ गया." त्या दिवसापासून मला वेळ मोजायची सवय हातानेच लागली आणि शूटिंग करताना तीच सवय सगळ्यात जास्त कामाला येते.

आता माझं म्हणणं सांगतो. शिकायचं असेल तर १६ एमएमचा १०० फुटाचा एकच रोल घ्या, ब्लॅक अँड व्हाइट, आणि तो ठरवण्यापासून, कॅमेऱ्यात भरण्यापासून ते घरी धुवून (म्हणजे केमिकलमध्ये बुडवून चित्र उमटवून), वाळवून, कापून जोडण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करा. पाच रोल एकदम आणून पाचही लॅबला पाठवले तर पैसे जातील आणि मधलं सगळं काम दुसऱ्याच्याच हातात राहील. शंभर फुटात ४००० फ्रेम येतात, २४ च्या स्पीडने २ मिनिटं ४६ सेकंद. सुपर ८ ची कॅसेट पण असते, ५० फुटाची, १८ च्या स्पीडला ३ मिनिटं २० सेकंद चालते, ती वाईट नाही, पण ती नुसती खटकन आत बसते, फिल्म हाताळायला मिळतच नाही, म्हणून शिकायला मी १६ च सांगतो.

सेल्युलॉइड हा शब्द तसा जुनाच चिकटून राहिलाय. खरी सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट फिल्म, भडकन पेट घेणारी, ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बनायची थांबली. आज कॅमेऱ्यात घालायची जी फिल्म मिळते ती बहुतेक अ‍ॅसिटेटवर असते, ती तशी पेटत नाही. पण कोणाच्या घरात माळ्यावर फार जुनं ३५ चं रीळ सापडलं तर ते उन्हात ठेवू नका, दिव्याजवळ नेऊ नका, आणि प्रोजेक्टरवर तर अजिबात चढवू नका, आधी पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला विचारा.

कॅमेरा हातात घ्यायच्या आधी दोन महिने साधा ३५ एमएमचा स्टिल कॅमेरा वापरा. ३६ फोटोंचा रोल, ऑटो काही नाही, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि शटर हाताने, प्रत्येक फोटोला वहीत नोंद. आपल्या भागात राहणाऱ्याने यासाठी एकदा चाळीसगावला जाऊन यावंच, फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे तिथं स्टेशनजवळ. हा माणूस १९८९ ला वारला, आणि त्याआधी कितीतरी दशकं जवळजवळ घराबाहेर न पडता त्यांनी टेबलावर छोट्या वस्तू मांडून असे फोटो काढले की बघणाऱ्याला वाटावं हे बाहेर मोकळ्यात काढलेत. एका खोलीत, मोजका उजेड, कुठून टाकायचा आणि कुठे अडवायचा हे शिकायला तेवढी जागा पुरते. मी ते फोटो बघून आल्यावर पंधरा दिवस फक्त तांब्या आणि खिडकी यांचेच फोटो काढत होतो, आणि उजेड मोजायचं मीटर वाचायला मी तेव्हा शिकलो, त्याआधी फक्त आकडे बघत होतो.

सिने कॅमेरा कोणता? सुरुवातीला चावीचा घ्या. बॅटरी नाही, मोटर नाही, चावी भरली की चालतो, शेतात लाइट नसली तरी अडत नाही. स्विस बोलेक्स एच १६ उत्तम, चावी पूर्ण भरली की एका दमात २८ सेकंदापर्यंत चालतो, आणि फिल्म उलटी फिरवून डबल एक्स्पोजर पण करता येतं. रशियन क्रास्नोगोर्स्क-३ स्वस्तातला, साधारण २५ सेकंद चालतो, आणि त्याच्या स्क्रू माउंटवाल्या मॉडेलला जुन्या झेनिट कॅमेऱ्याची लेन्स बसते, ही लेन्स आपल्याकडे जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे पडलेली असते, विचारून बघा. घेताना चावी पूर्ण भरून स्टॉपवॉच लावा, आवाज शेवटपर्यंत एकसारखा पाहिजे, शेवटी शेवटी जड होत गेला तर स्प्रिंग किंवा ग्रीस गेलंय. लेन्स काढून गेटमध्ये, म्हणजे जिथं फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीत, टॉर्च मारा, गेटच्या कडा बोटाने चाचपा, कुठं खरखरीत लागलं तर तिथं प्रत्येक फ्रेमवर ओरखडा येणार. आणि कोऱ्या फिल्मच्या आधी वाया गेलेली फिल्म दहावीस फूट मागून घ्या, तिच्याशिवाय पुढचं शिकता येत नाही.

फिल्म भरणं. इथे घाई करू नका, मी याच ठिकाणी माझा पहिला रोल घालवला. तापीकाठी शूटिंग होतं, ऊन चढत होतं, मला उशीर झाला होता आणि मी वरचा लूप लहान ठेवला. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा एकेक सैल वळसा असतो, त्यालाच लूप म्हणतात, कारण स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, फिल्म एकसारखी फिरते पण गेटमध्ये ती थांबून थांबून जाते, फ्रेम थांबते, उजेड पडतो, पुढची येते, आणि हा थांबण्याचा धक्का तो वळसा झेलतो. वळसा लहान पडला की धक्का झेलायला जागा नाही, फिल्म गेटमध्ये थरथरते, आणि धुवून आल्यावर सगळं वरखाली ओघळलेलं दिसतं, दिव्याच्या जागी रेघा. दीड मिनिटाचं काम तसं गेलं. आवाज बदलला होता, मला ऐकू आलं होतं, पण मी थांबलो नाही, म्हणून सांगतो, आवाज जरा जरी वेगळा वाटला तरी बटण सोडा, झाकण सावलीत उघडा, दोनचार फूट उजेडात जळतील पण बाकीचा रोल वाचेल.

वाया फिल्मवर आधी उघड्या डोळ्यांनी पाच वेळा भरा, मग डोळे मिटून वीस वेळा. फिल्मची मळकट, कमी चमकणारी बाजू लेन्सकडे, हीच इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थराची बाजू. १०० फुटाचा स्पूल तसा दिवसा भरता येतो, बाहेरचे काही वळसे उजेड खातात आणि तेवढी फिल्म कंपनीने जास्त दिलेली असते, पण दिवसा म्हणजे आपल्याकडच्या बारा वाजताच्या उन्हात नाही हो. घरात, खिडकी लावून, कोपऱ्यात. रानात असाल तर बैलगाडीखाली किंवा गोधडी अंगावर घेऊन. झाकण लावायच्या आधी चावी देऊन दोन सेकंद चालवून बघा, लूप टिकतोय का, मग बंद करून चारपाच फूट पुढे जाऊ द्या आणि मगच काउंटर बघा. झाकणाच्या फटीवर काळी टेप मारा.

आता ऊन आणि धूळ, आपल्या भुसावळ-जळगावकडे याचाच विचार सगळ्यात जास्त करावा लागतो. कोरी फिल्म १३ अंशाच्या खाली ठेवायची असते, म्हणजे फ्रिजमध्येच, बंद डबा, तो परत झिपच्या पिशवीत. काढल्यावर लगेच डबा उघडायचा नाही, थंड फिल्मवर हवेतला ओलावा बसतो, दोनतीन तास तसाच बंद राहू द्या. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत फिल्म किंवा कॅमेरा दहा मिनिटं पण नको. विमानाने फिल्म आणत असाल तर सामानात टाकू नका, हातात ठेवा आणि स्कॅनरमधून न घालता हाताने तपासायची विनंती करा, पण मुंबईहून यायचं तर रेल्वे आहेच की, रात्री बसलं की सकाळी जळगाव, सरळ मांडीवर पिशवी ठेवून आणता येते. धुळीसाठी माझा उपाय आजीचा आहे, ज्या खोलीत कॅमेरा उघडायचा तिथं अर्धा तास आधी जमिनीवर पाण्याचा सडा मारायचा आणि पंखा बंद. प्रत्येक रोलनंतर गेट बघायचं, केस, कापसाचा तंतू, फिल्मचा भुगा काही अडकलेलं असतं, ते लाकडी काडीने काढा, लोखंडी काही आत घालू नका. कपाशीच्या दिवसात तर तंतू हवेतच असतात, दर शॉटनंतर बघितलं तरी जास्त होत नाही.

एक्स्पोजरचा हिशोब सोपा आहे, पण मीटर फसवतं ते कसं हे कळलं पाहिजे. कॅमेऱ्यातलं किंवा मोबाइलचं मीटर समोर जे असेल ते मधला करडा रंग आहे असं धरून चालतं. आता तुम्ही काळ्या मातीच्या वावरात उभे राहून वाचलं तर मीटर म्हणणार अंधार आहे, लेन्स उघडा, आणि माती राखाडी होऊन जाईल, वरून माणसाचं पांढरं धोतर पूर्ण धुऊन निघेल. तेच वेचलेल्या कापसाच्या ढिगाकडे बघून वाचलं तर उलटं, ते म्हणणार उजेड फार आहे, आणि कापूस वेचणाऱ्या बाईचा चेहरा काळा पडेल. म्हणून माणसाच्या जागेवर जाऊन, त्याच उजेडात आपला तळहात धरून वाचा आणि मीटर सांगतं त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उघडा, म्हणजे दुप्पट उजेड आत येऊ द्या. पांढरा गोळा असलेलं मीटर मिळालं तर अजून सोपं, ते माणसावर पडणारा उजेडच मोजतं. निगेटिव्हला थोडं जास्त एक्स्पोजर चालतं, कमी चालत नाही, सावलीत जे नोंदलंच गेलं नाही ते नंतर कुठूनच आणता येत नाही.

अजून एक हिशोब तोंडपाठ पाहिजे. २४ च्या स्पीडला शटर साधारण १/५० ते १/६० सेकंद असतं आणि ते बदलायची मुभा जवळजवळ नसते. भर उन्हात ५० एएसएची (हा फिल्मच्या वेगाचा आकडा, मोठा म्हणजे कमी उजेडात चालणारी) फिल्म या शटरला एफ १६ मागते, एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र लहान. कोडॅकची डबल-एक्स दिवसाच्या उजेडात २५० एएसएची आहे, म्हणजे दोन स्टॉपपेक्षा जास्त वेगवान, ती मागणार एफ ३२ च्याही पुढे, आणि तेवढं लेन्सवर नसतंच. म्हणून आपल्या उन्हात एनडी फिल्टरशिवाय, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या करड्या काचेशिवाय, ती फिल्म घेऊन बाहेर पडू नका, तीन स्टॉपचा एनडी लावला की एफ ११ च्या आसपास येतो. पिवळा फिल्टर पण ठेवा, एकाच स्टॉपच्या आसपास उजेड खातो आणि पांढरंफट्ट आभाळ जरा खाली येतं. आणि खरं सांगू का, सकाळी साडेसात-आठपर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर शूट करा, दुपारी खान्देशातलं ऊन डोक्यावरून सरळ पडतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, बाकी कपाळ चमकतं, कोणाचाच चेहरा नीट येत नाही.

शूट काय करायचं? पहिल्या रोलला कथा नको, एक काम निवडा ज्याला सुरुवात आणि शेवट आहे. मी हिवाळ्यातली भरीत पार्टी सांगेन. मळ्यात माणसं जमतात, वांगी येतात, कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजतात, सोलतात, ठेचतात, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, फोडणी, आणि मग पंगत. सगळं एका जागी, एकामागे एक, आणि कोणाला अभिनय करावा लागत नाही. शॉट मोजून लिहा. आठ सेकंदाचा शॉट म्हणजे ४.८ फूट, असे २० शॉट म्हणजे ९६ फूट, झाला रोल. क्रमानेच शूट करा, कापाकापी कॅमेऱ्यातच करायची, म्हणजे पुढचा शॉट कुठून सुरू होणार हे मागचा घ्यायच्या आधी माहीत पाहिजे. प्रत्येक शॉटची कॅमेरा न चालवता एकदा तालीम, तोंडाने आठपर्यंत मोजत. ठेचणाऱ्याचा हात आठ सेकंदात किती वेळा वरखाली होतो ते बघा, हात वर असताना सुरू करायचं की खाली असताना, हे आधीच ठरवा. जाळाचा शॉट घेताना जाळावर मीटर करू नका, जाळाच्या उजेडात दिसणाऱ्या चेहऱ्यावर करा. चावी प्रत्येक शॉटच्या आधी पूर्ण भरा, मध्येच संपली तर शेवटचा सेकंद हळू पडतो आणि पडद्यावर माणसं अचानक पळायला लागतात.

एक रोल असा झाला की दुसऱ्यात एकेक फ्रेमचं काम करून बघा. आपले शेजारी, त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके, १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि मोठा सिनेमा करायच्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करून टिपलं. तेव्हा कोऱ्या फिल्मला भोकं पण घरीच पाडावी लागत, सरस्वतीबाई ते काम करायच्या, अंधारात. रोप उगवतानाचं टिपायला धीर लागतो, त्याऐवजी दिवसभरात भिंतीवर सरकणारी सावली घ्या, दर मिनिटाला एक फ्रेम, दहा तासांचे ६०० फ्रेम, पडद्यावर २५ सेकंद.

आवाज वेगळा, मोबाइलवर किंवा रेकॉर्डरवर घ्या. चावीचा कॅमेरा खडखड करतो आणि त्याचा स्पीड बोलण्याशी ओठ जुळवण्याइतका पक्का नसतो, त्यामुळे संवाद सोडा, जाळाचा, ठेचण्याचा, बायकांच्या गाण्याचा आवाज जवळून घेऊन ठेवा.

धुणं. यासाठी योग्य महिने म्हणजे दिवाळी ते माघ, कारण केमिकल २० अंशाला पाहिजे आणि मे महिन्यात आपल्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. उन्हाळ्यात करायचंच असेल तर माठातलं पाणी, आणि केमिकलची बादली बर्फाच्या पाण्याच्या मोठ्या टपात ठेवायची, बर्फ केमिकलमध्ये टाकायचा नाही. सगळी भांडी एकाच तापमानाची पाहिजेत, शेवटच्या धुण्याच्या पाण्यासकट, गरम-थंड एकदम झालं की इमल्शनला सुरकुत्या पडतात. बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे डेव्हलपर (चित्र उमटवणारं केमिकल) आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्या, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात.

डेव्हलपर डी-७६ घरी बनतो. ५० अंशाच्या ७५० मिली पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, मग सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, याच क्रमाने, एक विरघळल्याशिवाय दुसरं नाही, मग पाणी घालून एक लिटर. एक दिवस ठेवून वापरा. फिक्सरसाठी, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करायला, हायपो, जुन्या स्टुडिओवाल्यांना नाव सांगितलं तरी कळतं. हातमोजे घाला, स्वयंपाकाचं एकही भांडं यात परत वापरायचं नाही, आणि वापरलेला फिक्सर विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका, त्यात चांदी असते, कॅनमध्ये साठवून ठेवा.

लाल दिवा चालत नाही, ही फिल्म लाल पण बघते, म्हणून पूर्ण अंधार. रात्री बाथरूम, दाराखाली टॉवेल, आत दहा मिनिटं नुसते बसा, कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर बुजवा. आधी रोलच्या शेवटचे हातभर तीन तुकडे कापून ६, ८ आणि १० मिनिटं धुवून बघा आणि जो चांगला वाटेल तो वेळ धरा. मग बाकीचा रोल पाच-पाच वाव कापून घ्या, दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे तीसेक फूट, अंधारात फूटपट्टी दिसत नाही पण हात असतात. एक तुकडा चारपाच लिटरच्या बादलीत सोडायचा आणि हाताने सतत सैल हलवत राहायचं, चिकटून राहिला तिथं डाग पडतो. मग साधं पाणी, मग फिक्सर, दुधाळपणा जायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट, मग अर्धा तास धुणं. बादलीत ओरखडे थोडे येतात, कापल्यामुळे एखादा शॉट मधोमध तुटतो, हे मान्य करून चला. स्पायरलची जुनी रशियन टाकी कुठं मिळाली तर हे दोन्ही कमी होतं.

रंगीत निगेटिव्ह घरी नको, आणि साध्या फोटो लॅबला तर नकोच. सिनेमाच्या रंगीत फिल्मच्या पाठीला रेमजेट नावाचा काळा थर असायचा, कोडॅकने २०२५ पासून तो काढायला सुरुवात केली, पण जुन्या साठ्यातल्या रोलवर तो असतोच, आणि सुटून त्यांचं सगळं मशीन घाण करतो. ती सिनेमाच्या लॅबलाच द्यायची, आणि रोल घ्यायच्या आधी लॅबला फोन करून कोणती फिल्म घेतात ते विचारायचं.

वाळवायला खोलीत आडवी दोरी, खाली परत सडा, दार बंद, सकाळपर्यंत आत कोणी जायचं नाही. सकाळी खिडकीसमोर तुकडा धरा, जाळ काळा दिसेल आणि रात्र पांढरी, निगेटिव्हच आहे ते. याचे फोटो कॅमेऱ्याने फ्रेम फ्रेम काढून उलटे करता येतात, किंवा लॅबला स्कॅन द्या. जोड मारायला टेप स्प्लायसर (चिकटपट्टीने जोडायचं यंत्र) घ्या, फिल्म सिमेंटने, म्हणजे फिल्मच्या गोंदाने, जोडायचं तर इमल्शन खरवडावं लागतं आणि एक फ्रेम जाते. ऑपरेटर काका जोड मारल्यावर दोन्ही हातांनी हलकं ताणून बघायचे, मग बोटाच्या पेरावरून सरकवायचे, पेराला जोड लागला म्हणजे तो गेटमध्ये पण लागणार, परत करायचा. तुमच्या गावात कोणी जुने ऑपरेटर असतील तर त्यांच्याकडे एक दिवस जाऊन हेच शिका, रीळ कसं धरायचं, कडेने, पोटावर बोट न लावता, रिवाइंडरवर किती ताण द्यायचा. ती माणसं आता थकलीत आणि कोणी विचारायला येत नाही त्यांच्याकडे.

जोडलेलं रीळ डब्यात ठेवताना वर तारीख, फिल्मचं नाव, किती मिनिटं धुतली आणि पाणी किती अंश होतं ते लिहा. डबा थंड आणि कोरड्या जागी, पत्र्याच्या खोलीत नको. वर्षातून दोनदा उघडून वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट सडायला लागलंय, ते रीळ त्याच दिवशी बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि आधी त्याचं स्कॅन करून घ्या.